अंगठ्याच्या आधी वकील हवा



पालीच्या बैठकीत एका बाईनं मला विचारलं, "ताई, माझा नंबर त्याला कुणी दिला?" मला उत्तर देता आलं नाही. उत्तर ठाऊक नव्हतं म्हणून नव्हे. उत्तर 'आपणच' असं होतं म्हणून.

घडलं ते थोडक्यात सांगते. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ही बाई दोन लेकरं घेऊन पालीला एका नातलगाकडे आली. बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की बिंदुसरेच्या धरणाजवळचं हे गाव. इथे ती बचत गटात आली, चटण्या आणि पापड करू लागली. गटांचा माल शहरात विकला जावा म्हणून आमच्या संघटनेनं एक वेबसाइट काढली होती. कार्यकर्तीनं मोबाइलवर तिचा फॉर्म भरला. नाव, गाव, फोटो, फोन नंबर. सगळ्यात खाली एक चौकोन होता, 'मला अटी व गोपनीयता धोरण मान्य आहे.' त्या चौकोनात खूणही कार्यकर्तीनंच केली, कारण मजकूर इंग्रजीत होता. सहा महिन्यांनी नवरा मोबाइलमध्ये तिचा फोटो घेऊन पालीच्या फाट्यावर उतरला. गल्लीतल्या बाया धावून आल्या म्हणून पुढचं टळलं. ती आता पालीत राहत नाही. तिची ओळख पटू नये म्हणून इथे दोन-तीन तपशील बदलले आहेत, आणि छापायला देण्याआधी हा मजकूर तिला वाचून दाखवला आहे. ती म्हणाली, "लिवा. पन आधी हे केलं असतं तर बरं झालं असतं."

त्या रात्री मी आमच्याच वेबसाइटवरच्या अटी पहिल्यांदा वाचल्या. साइट बनवणाऱ्या मुलानं त्या कपडे विकणाऱ्या एका कंपनीच्या पानावरून उचलल्या होत्या. दोन ठिकाणी त्या कंपनीचं नावसुद्धा तसंच राहिलं होतं. तुमची माहिती आम्ही आमच्या 'भागीदारांना' देऊ शकतो, असं त्यात होतं. आमचे भागीदार कोण, ते आम्हालाच ठाऊक नव्हतं. माहिती काढून टाकायची तर कुणाला सांगायचं, याचा पत्ता नव्हता. आणि वाद झालाच तर तो फक्त बेंगळुरूच्या न्यायालयात चालेल, असं बजावलं होतं. पालीच्या बाईनं चटणीच्या बरण्यांवरून बेंगळुरूला जायचं!

मुलाला दोष देऊन मी सुटू शकत नाही. त्याला ते काम आम्हीच दिलं होतं आणि 'अटी-बिटी टाकून दे' असं सांगणाऱ्याही आम्हीच होतो.

पुढच्या कार्यकारिणीत मी मांडलं की वकील नेमू या. आपल्या वेबसाइटच्या अटी, गोपनीयता धोरण, आपल्या केंद्रात भरून घेतले जाणारे फॉर्म, आणि आपण बायकांच्या मोबाइलवर जी ॲप्स घ्यायला लावतो त्यांच्या अटी, हे सगळं त्यानं वाचावं आणि आपल्याला मराठीत समजावून सांगावं. बैठकीत जे बोललं गेलं ते मी इतर संघटनांतही ऐकलं आहे, म्हणून इथे त्याचा समाचार घेते.

पहिला आक्षेप पैशाचा. "एवढ्या पैशात दोन बायकांचं औषधपाणी होईल." हे ऐकायला फार बरं वाटतं. पण कोर्टात उभं राहायला वकिलाला पैसे देताना आपण हा हिशेब मांडत नाही. म्हणजे बाई मोडून पडली की वकील हवा, मोडू नये म्हणून नको. शिवाय ज्या कंपनीचं ॲप आपण वापरतो, तिच्याकडे अटी लिहायला पगारी वकील आहेत. जो कागद एका बाजूच्या वकिलानं लिहिला आणि दुसऱ्या बाजूनं वाचलाच नाही, त्याला करार म्हणायचं का? आपल्या भागात त्याला जुना शब्द आहे, उचल.

उचल म्हणजे काय ते बीड जिल्ह्यात सांगावं लागत नाही. मुकादम दसऱ्याच्या आधी पैसे देतो, कागदावर अंगठा घेतो, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. किती उचलले, किती फिटले, खाडा किती कापला, हे त्याच्या वहीत असतं. अंगठा नवऱ्याचा असतो आणि बाईचं अर्धं आयुष्य त्या कागदावर लिहिलेलं असतं. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. शस्त्रक्रियेआधी संमतीपत्र घ्यावंच लागतं. कागद पुरा होता म्हणून संमतीही पुरी होती, असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल? मोबाइलवरचा 'मान्य आहे'चा चौकोन याच कागदांचा धाकटा भाऊ आहे. शाई गेली, बोट तेच राहिलं.

दुसरा आक्षेप असा की हे शहरी खूळ आहे. "गावात कसली गोपनीयता? इथे सगळ्यांना सगळं माहीत असतं." हे म्हणणाऱ्यांनी पालीत चार दिवस राहावं. याच गावाच्या परिसरात दत्ता आणि संध्या बारगजे यांच्या 'इन्फंट इंडिया'नं एचआयव्हीबाधित मुलांसाठी घर उभं केलं. आजाराचं नाव कळताच माणसं कशी तुटतात, हे इथे कुणाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. म्हणून तर २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं एखाद्याची लागण त्याच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय उघड करायला बंदी केली आणि अशी माहिती ठेवणाऱ्या संस्थांवर ती जपण्याची जबाबदारी टाकली. त्याच वर्षी २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. बंगल्यात राहणाऱ्या माणसाला भिंती असतात. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या, नवरा सोडून आलेल्या, आजार लपवून मजुरी करणाऱ्या बाईला कायद्याशिवाय दुसरी भिंत नाही. गोपनीयतेची गरज गरीब बाईलाच जास्त आहे.

तिसरा आक्षेप आपल्यातल्या चांगल्या कार्यकर्त्यांचा आहे, म्हणून मला तो जास्त बोचतो. "आपण बायकांच्या बाजूच्या आहोत. आपण काय त्यांची माहिती विकणार आहोत?" विकणार नाही, हे मान्य. पण हेतू चांगला असला की हात आपोआप जपून चालतात असं नाही. चळवळीच्या इतिहासातलंच उदाहरण घेऊ. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, तिनं प्रतिकार केला नाही, असा त्या निकालाचा सूर होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं आणि संमती देणं यांत फरक आहे, हा त्या पत्राचा गाभा होता. त्यातून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

यातल्या दोन गोष्टी मी इथे मांडते. एक, ती ठिणगी पडली कारण कायदा जाणणाऱ्या चार जणांनी निकालपत्र शब्दन्‌शब्द वाचलं. घोषणा नंतर आल्या, वाचन आधी झालं. दुसरी, त्या मुलीचं नाव आपण सगळ्यांनी फलकांवर, पत्रकांत, भाषणांत वापरलं. आजही तो खटला तिच्याच नावानं ओळखला जातो. तिला कुणी विचारलं होतं का? पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा ठरवणारं कलम १९८३ च्याच दुरुस्तीनं आलं. आज ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. मी तिचं नाव इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. आपला हेतू तेव्हाही चांगलाच होता.

आपल्या सल्ला केंद्रांतल्या वह्यांमध्ये काय नसतं? कुणाला कुणी मारलं, कुणाचा गर्भपात झाला, कुणाचं दुसरं लग्न लपलेलं आहे, कोण कुठे आसऱ्याला आहे. वही कपाटात होती तोवर एका किल्लीचा प्रश्न होता. आता अनुदान देणाऱ्या संस्थेला आकडे हवेत, म्हणून तीच वही आपण टाइप करून कुठल्याशा परदेशी कंपनीच्या फॉर्ममध्ये भरतो आणि तो दुवा दहा जणींना पाठवतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अशा टाइप केलेल्या माहितीला लागू होतो. तुमची संस्था धर्मादाय आहे, एवढ्यानं त्यातून सुटका होत नाही.

हा कायदा नीट वाचायला हवा, कारण त्यात आपल्या कामाचंही आहे आणि आपल्या विरोधातलंही. संमती मागताना भाषा साधी आणि स्पष्ट हवी. बाईला ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय मिळायला हवा. कोणती माहिती घेणार आणि कशासाठी, ते सांगायला हवं. दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यायला हवी. माहिती फुटली तर ज्यांची फुटली त्यांना कळवायला हवं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ही मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू करण्याची तजवीज आहे. आता दुसरी बाजू बघा. कायदा मोडणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो जाणार भारताच्या संचित निधीत. जिची माहिती फुटली तिच्या पदरात काय? माहिती तंत्रज्ञान कायद्यात नुकसानभरपाईचं एक कलम होतं, ४३-अ. तेही वगळण्याची तरतूद या कायद्यात आहे. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली म्हणून तक्रार करणारीलाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि सरकारी लाभ देताना सरकारवरचं संमतीचं बंधन बरंच सैल ठेवलं आहे.

सैल म्हणजे काय, ते लाडक्या बहिणींना विचारा. २०२५ मध्ये या योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचाही ओटीपी मागितला गेला. नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं नवऱ्याच्या फोनवर आलेला आकडा कुठून आणायचा? विधवेनं कुणाचा द्यायचा? ओरड झाल्यावर मुदत वाढली, वेगळी सोय करावी लागली. पण ओरड फॉर्म आल्यावर झाली. तो फॉर्म आधी कुणा परित्यक्ता बाईच्या बाजूनं वाचला गेला असता, तर ही पाळी आलीच नसती.

कागद आधी वाचून दाखवला पाहिजे, हे काही नवीन मागणं नाही. १८७५ मध्ये पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सुप्यापासून सुरुवात करून सावकारांचे रोखे जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. शेतकऱ्यानं करून दिलेला दस्त गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिलेला नसेल तर तो पुराव्यात धरला जाऊ नये, अशी त्यात तरतूद होती. अंगठ्याच्या आधी, सावकाराचा नव्हे असा एक माणूस मध्ये उभा करायचा, ही कल्पना दीडशे वर्षं जुनी आहे. बायकांच्या बाबतीत न्यायालयांनीही हे मानलं. पडद्यातल्या बाईनं दस्त करून दिला असेल, तर तो तिला समजला होता हे सिद्ध करण्याचा भार दस्ताचा फायदा घेणाऱ्यावर असतो, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालत आलं आणि निरक्षर बायकांनाही लावलं गेलं. मग हाच न्याय मोबाइलवरच्या चौकोनाला का लावू नये? इंग्रजीतल्या अटींचा पडदा कापडाच्या पडद्यापेक्षा पातळ आहे का?

आता वकील कसला नेमायचा, ते बोलू या. कारण वकील नेमला म्हणजे काम झालं, असं नाही. वकिलाला आपण सांगितलं की 'संस्थेवर काही येऊ देऊ नका', तर तो तसाच मजकूर लिहून देईल. कोणत्याही नुकसानीला संस्था जबाबदार नाही, संस्था अटी केव्हाही बदलू शकते, वगैरे. म्हणजे आपल्या बायकांपासून आपलं संरक्षण! वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा की आमची अशील आमची संस्था आहे, पण या कागदापुरती तुम्ही पालीच्या त्या बाईच्या डोळ्यांनी वाचा. वाईटात वाईट माणसाच्या हातात ही माहिती पडली तर काय होईल, हे विचारा. नवरा, सासरा, मुकादम, वसुलीवाला, यांच्या हातात.

मग एकेक प्रश्न विचारा. यातली कोणती माहिती घेतलीच नाही तर चालेल? जी घेतली नाही ती फुटत नाही. बाईचा नंबर वेबसाइटवर कशाला? गटाचा एकच नंबर का नको? माहिती कुठे साठते, कोण बघू शकतं, किती दिवसांनी पुसायची? बाईनं काढा म्हटलं तर कोण काढणार, किती दिवसांत? अल्पवयीन मुलींचं काय? नवा कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाची माहिती घ्यायला पालकाची पडताळलेली संमती मागतो, आणि बालविवाहापासून पळून आलेल्या मुलीच्या बाबतीत पालकच शत्रू असतो. या कोड्यातून वाट काय, ते वकिलाकडून लेखी घ्या. वाद झाला तर कोर्ट कुठलं? 'फक्त अमुक शहर' हे कलम आपल्या कागदात नकोच. बाई ग्राहक असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ती आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करू शकते, हेही तिला सांगा.

फी आधी ठरवा, कागदागणिक ठरवा. शेवटी इंग्रजी मसुद्याबरोबर एक पान मराठीत मागा, बैठकीत मोठ्यानं वाचता येईल असं. ज्या वकिलाला ते पान लिहिता येत नाही, त्याला तो कागद समजलेला नाही असं खुशाल समजा. ते पान बैठकीत वाचल्यावर एखाद्या बाईला उठवा आणि तिच्या शब्दांत सांगायला लावा. तिला जमलं तरच कागद पास.

छोट्या संघटनेला फी परवडत नाही, हे खरं आहे. मग चार संघटनांनी मिळून एक वकील नेमावा. आणखी एक दार आपण ठोठावलेलंच नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं प्रत्येक बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सेवेचा हक्क आहे. आपण त्याचा अर्थ फक्त पोटगीच्या दाव्यातला वकील असा घेतो. पण त्या कायद्यातच 'विधी सेवा' या शब्दाच्या व्याख्येत कोणत्याही कायदेविषयक बाबीवर सल्ला देणं हेही धरलं आहे. बीडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आपण जथ्यानं जायला हवं. गावोगावी शिबिरं घेता तशी एक बैठक कर्जाच्या ॲपच्या अटी वाचायला घ्या, अशी मागणी करायला हवी. सूक्ष्म कर्जाचा करारनामा कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवा, असं रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांत सांगितलं गेलं. कर्ज देणाऱ्या ॲपनं मोबाइलमधले नंबर आणि फोटो यांना हात लावायचा नाही, असंही त्याच वर्षीच्या सूचनांत आलं. हे किती गटांना माहीत आहे? नातेवाइकांना फोन करून बेअब्रू करणाऱ्या वसुलीवाल्यापुढे हेच कागद ठेवायचे आहेत.

कुणी म्हणेल, मोठ्या कंपन्या आपल्यासाठी अटी बदलणार आहेत थोड्याच? एका बाईसाठी नाही बदलणार. पण आपण जिल्ह्यातल्या शेकडो गटांना सांगू शकतो की हे ॲप घेऊ नका, त्यातलं अमुक कलम वाईट आहे. असं सांगायला कलम ठाऊक हवं. १९८६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की दुबळ्या बाजूला ठिपक्यांच्या रेघेवर सही करण्याशिवाय इलाजच नसतो, तेव्हा अशा करारातली अन्यायकारक कलमं न्यायालय रद्द ठरवू शकतं. रेघ जाऊन चौकोन आला, एवढंच.

आमच्या संघटनेनं अखेर ठराव केला. वेबसाइटवरून सगळ्या बायकांचे नंबर आणि गावं काढली. वकील नेमला, फी दोन संस्थांत वाटून घेतली. जुनं धोरण पुसलं. नवं मराठीत आहे, दीड पानाचं. पालीच्या बैठकीत ते वाचलं तेव्हा एका म्हातारीनं मध्येच थांबवून विचारलं, "आन हे मी नको म्हणलं, तर मला गटातून काढताल का?" वकीलबाईंनी कागद उलटसुलट पाहिला. ते त्यात लिहिलेलं नव्हतं. त्यांनी तिथेच पेन काढून एक ओळ वाढवली, 'नकार दिला म्हणून कोणाही बाईचा कोणताही लाभ बंद होणार नाही.'

ज्या कागदात ही ओळ नाही, त्यावर आपण कुणाही बाईचा अंगठा घ्यायचा नाही. आपल्या-आपल्या संघटनेत पुढच्या बैठकीला पहिला विषय हा ठेवा. मागच्या कागदांपासून सुरुवात करा, आणि आधी आपल्याच कपाटातले काढा.